रांग आहे तरी कुठे? (अमेरिकेतले बिनकागदाचे कामगार)

तळजाईकर
आज सकाळी तळजाईवरून उतरताना आमच्या ग्रुपात चांगलीच जुंपली, इतकी की नंतर अमृततुल्यवर कोणी कोणाचे चहाचे पैसे दिले नाहीत, ज्याने त्याने आपापले दिले. आमच्यातल्या एकांचा मुलगा टेक्सासला आहे, तेरा वर्षं एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, ग्रीनकार्डचा (कायम राहायच्या परवान्याचा) पत्ता नाही. मुलगी दुसरीत असताना नेली ती आता वीसची झाली, एकवीस पूर्ण झाली की बापाच्या अर्जातून तिचं नाव गळणार. ते तावातावाने म्हणाले की आमचा पोरगा टॅक्स भरत रांगेत उभाय आणि तिकडचे काही जण भिंतीवरून उड्या मारून आलेल्यांना माफी द्यायच्या गप्पा मारतात, त्यांनी पण रांगेत यावं ना. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पण डोलावली, खोटं कशाला सांगू.

मग घरी येऊन आंघोळ करताना तो डोसेवाला आठवला. २०१२ ला मुलीकडे न्यू जर्सीला गेलो होतो तेव्हा एडिसनला ओक ट्री रोडवरच्या एका हॉटेलात बसलो होतो आणि आतून आवाज आला, "अरे झाकण ठेव की त्याच्यावर". हिनं तिथूनच हाक मारली, कुठले हो तुम्ही? तर भोरकडचा मुलगा, तिशीचा असेल. खूप गप्पा झाल्या. मी सहज विचारलं, मग गणपतीला येता की नाही घरी? तो हसला आणि चटणीची वाटी आमच्याकडे सरकवून आत गेला. गाडीत बसल्यावर लेक म्हणाली, बाबा असं कोणाला विचारायचं नसतं इथे.

तर माझा साधा प्रश्न. त्याने कुठल्या रांगेत उभं राहायला पाहिजे होतं? मी आज दुपारभर वाचत बसलो (हो, १ ते ४ मध्ये). डोसे घालणाऱ्या, बांधकामावरच्या, कोंबड्या कापणाऱ्या माणसासाठी अमेरिकेत कायमचं जायचा कोटा वर्षाला जास्तीत जास्त १० हजार. अख्ख्या जगासाठी. आमच्या वॉर्डात याच्यापेक्षा जास्त मतदार आहेत. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

भाकरवडी_२
+१. धागा पेटणार. जागा धरून ठेवतो.

सिएटलवासी_सहकारनगरकर
काका, तुमच्या मित्राचं दुःख मला विचारा. मी त्याच रांगेतला आहे. नोकरीवाल्या ग्रीनकार्डांचा वर्षाचा कोटा साधारण १ लाख ४० हजार, आणि कुठल्याही एका देशाला त्यातले ७ टक्के, मग देश आइसलँड असो नाहीतर भारत असो. २०२५ च्या शेवटी भारतीयांच्या २०१३ सालच्या अर्जांचे नंबर लागत होते, माझा २०१६ चा आहे, आणि दर महिन्याला व्हिसा बुलेटिन (कुठल्या तारखेपर्यंत नंबर आला ते सांगणारं सरकारी पत्रक) उघडतो तेव्हा कधी ते पुढं सरकतं कधी चक्क मागं जातं, पेन्शनच्या ऑफिसात पण असं होत नसेल. त्यात २०२५ च्या सप्टेंबरात नवीन एच-१बी ला १ लाख डॉलर फी लावली. नोकरी गेली तर ६० दिवसांत दुसरी शोधा नाहीतर देश सोडा. आई आजारी पडली तर आधी विचार येतो की परत यायला व्हिसा स्टँपिंगची अपॉइंटमेंट मिळेल का, मग आईचा.

आणि चिडायचं खरं कारण सांगतो. ओबामांनी जून २०१२ ला डाका (DACA) नावाचं धोरण आणलं, लहानपणी आणलेल्या बिनकागदाच्या मुलांना हद्दपार न करता वर्क परमिट देणारं. त्याची अट अशी की १५ जून २०१२ रोजी तुमच्याकडे कायदेशीर स्टेटस नसलं पाहिजे. म्हणजे माझ्या मित्राची मुलगी, आईबापांनी सगळे कागद वेळेवर भरले म्हणून बाद. नियम पाळला हीच चूक. मग आम्ही कडू झालो तर नवल काय.

तो डोसेवाला चांगला माणूस असेल, नाही म्हणत नाही. पण माझ्या मनात त्याच्यासाठी जागा उरलेली नाही.

शिस्तप्रिय_सदाशिव
तळजाईकर, भावना बाजूला ठेवा. दार बंद आहे म्हणून खिडकीतून आत आलेल्याला तुम्ही "बिचाऱ्याला दारच नव्हतं" म्हणणार का? घर त्यांचं आहे, दार किती उघडायचं ते ते ठरवतील.

माफीचा प्रयोग झालेला आहे. १९८६ ला रेगन साहेबांनी कायदा केला, १ जानेवारी १९८२ च्या आधीपासून राहणारे आणि शेतमजूर मिळून सुमारे २७ लाख लोक कायदेशीर झाले. आणि आज? प्यू रिसर्च या अभ्यास संस्थेचा २०२३ चा अंदाज, १ कोटी ४० लाख बिनकागदाचे. हे पुरोगामी लोकांना आवडणार नाही पण शेतमजुरांचे नेते सीझर चावेझ यांचा सत्तरच्या दशकात बिनकागदाच्या मजुरांना विरोध होता, कारण संप मोडायला मालक त्यांनाच आणायचे. नव्वदच्या दशकात बार्बरा जॉर्डन यांच्या कमिशनने पण कडक अंमलबजावणीच सांगितली, आणि त्या काही गोऱ्या वर्चस्ववादी नव्हत्या, टेक्सासमधून निवडून आलेल्या कृष्णवर्णीय खासदार होत्या. स्वस्त मजूर कोणाला हवा असतो? मालकाला. मजुराच्या बाजूने बोलायचं असेल तर आधी हे बघा.

निळी_शाई
सदाशिव, चावेझ आणि जॉर्डन दोन्ही मुद्दे बरोबर आहेत, नेहमीपेक्षा बरा प्रतिसाद :) पण मग हेही सांगा की अमेरिकेतल्या कामगार संघटनांच्या शिखर संस्थेने, म्हणजे एएफएल-सीआयओने, २००० साली भूमिका बदलली. त्यांच्या लक्षात आलं की कागद नसलेला माणूस तक्रार करत नाही, म्हणूनच तो स्वस्त पडतो, आणि त्याच्या शेजारी कागदवाला उभा असेल तर त्याचाही भाव पडतो.

१९८६ बद्दल थोडं लांबून सांगते, कंटाळा आला तर स्क्रोल करा.

१९४२ ते १९६४ अमेरिकेत ब्रासेरो नावाची योजना होती, मेक्सिकोतून मजूर हंगामापुरते यायचे आणि परत जायचे. शोषण भरपूर होतं, म्हणून बंद केली. पुढच्याच वर्षी नवा इमिग्रेशन कायदा आला, त्यात पहिल्यांदा अख्ख्या पश्चिम गोलार्धावर संख्येची मर्यादा लागली, आणि १९७६ ला मेक्सिकोच्या वाट्याला वर्षाला २० हजार आले. म्हणजे माणूस तोच, शेत तेच, मुकादम पण तोच, एका कायद्याने सगळे बेकायदा. आपले बीडचे ऊसतोड कामगार घ्या. दसऱ्यानंतर टोळ्या निघतात, कोयता घेऊन कोल्हापूर-सांगलीकडे जातात, कारखान्याचा पट्टा पडला की गावी परत. आता समजा कोणी जिल्ह्याच्या हद्दीवर नाका बसवला आणि म्हणालं आलात तर आलात, पण एकदा गेलात की परत सोडणार नाही. काय करतील? बायकापोरं बोलावून कारखान्याशेजारीच पालं ठोकतील, कायमची. तिकडे हेच झालं. सीमेवर पहारा वाढला तसे लोक यायचे थांबले नाहीत, परत जायचे थांबले.

आता १९८६ चा कायदा. आधीच्यांना माफी दिली, पण उद्या लागणारे मजूर कुठून आणायचे त्याचं उत्तर त्यात नव्हतं, शेतीचा हंगाम सोडला तर. आणि मालकाला शिक्षा कधी? तर "माहीत असून" ठेवला तर. आय-९ नावाचा फॉर्म असतो, कामगार कागद दाखवतो, वरवर खरे वाटले तर मालकाने घ्यायचे, जास्त खोदून विचारलं तर उलट भेदभावाची केस. म्हणजे न बघायची सोय कायद्यातच. (कायद्याच्या अभ्यासाचं एवढंच फळ, की पळवाट लांबून दिसते.)

साईटवरचा_माणूस
आय-९ वाचून हसू आलं. मी वाघोलीला साईटवर असतो, चौदा वर्षं या लाईनीत आहे. ठेकेदार ट्रॅव्हल्सने चाळीस पोरं आणतो, सगळ्यांचं आधार व्हॉट्सॅपवर पाठवतो, आम्ही प्रिंट मारून फायलीत लावतो. खरं का खोटं मला काय माहिती, मला स्लॅब टाकायचाय. एकदा एकाच फोटोची दोन आधारं निघाली, नावं वेगळी. ठेकेदार म्हणाला साहेब भाऊ आहेत जुळे. बरं म्हटलं.

तिकडं २०२५ च्या सप्टेंबरला अमेरिकेतल्या जॉर्जियात बॅटरी प्लांटच्या बांधकामावर धाड पडली बघा, ४७५ लोक उचलले, त्यात तीनशेच्या वर कोरियन, इंजिनिअर टेक्निशियन लोक, बेड्या घालून. ह्यांनीच बोलावलेला कारखाना. आमच्यात चर्चा झाली की आपल्या साईटवर असं झालं तर शुक्रवारची खर्ची कोणाला वाटायची.

आणि आपल्याकडं पण चालूच आहे की. बंगाली बोलतो म्हणून महाराष्ट्रातून उचलले आणि बॉर्डरच्या पलीकडं सोडले, आणि नंतर कळलं हे तर आपलेच, मुर्शिदाबादचे, मग परत आणले. २०२५ च्या जूनमधली गोष्ट. आमच्या कँपातली मालद्याची पोरं त्या आठवड्यात मोबाईलवर पण एकमेकांशी हिंदीत बोलत होती.

शिस्तप्रिय_सदाशिव
विषय अमेरिकेचा आहे, भरकटवू नका. आणि आपल्याकडे नवा परदेशी नागरिक कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालाय, विनापासपोर्ट शिरलात तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड. जगात सगळीकडे असंच असतं.

भाकरवडी_२
अमृतसरला २०२५ च्या फेब्रुवारीत हद्दपार केलेल्यांना घेऊन अमेरिकेचं लष्करी विमान उतरलं त्यात १०४ जणांत आपले महाराष्ट्राचे पण ३ होते ना? मला वाटायचं हे फक्त पंजाब, गुजरात, हरयाणाचं लफडं आहे. डंकीने (एजंटच्या चोरवाटेने) जायला चाळीस-पन्नास लाख देतात म्हणे. त्यात वडगावला वनबीएचके येतो राव.

तंदूरवाला
नमस्कार. बरीच वर्षं वाचतोय, लिहितो पहिल्यांदाच. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

तळजाईकर काका, तुमचा डोसेवाला मी नाही. मी तंदूरवर होतो, जर्सी सिटीला. २००६ ते २०१५.

डंकी वगैरे काही नाही. एका पार्टीने त्यांच्या घरच्या कार्यासाठी आचारी म्हणून नेलं, व्हिजिटर व्हिसावर, विमानतळावर सहा महिन्यांचं पांढरं कार्ड पासपोर्टला स्टेपल करून दिलं. कार्य झालं. ओळखीतला एक जण म्हणाला इथं एक शेठ आहे, त्याला तंदूरवर माणूस पाहिजे, पुण्यात तुला काय मिळतं? मी सांगितलं. तो म्हणाला इथं तेवढे चार दिवसात. सहा महिने संपले त्या दिवशी काहीच झालं नाही. मी रात्रभर जागा होतो, कोणतरी येणार म्हणून. कोणी नाही आलं. सकाळी दहाला व्हॅन आली, बसलो, कामावर गेलो. मग नऊ वर्षं ती व्हॅन.

तळघरात सहा जण. चौदाशे डॉलर महिना, आठवड्याला सहा दिवस, दिवसाला बारा तास, राहणं खाणं शेठचं. तंदूरचा हात केसांना चटके बसून बसून गुळगुळीत होतो, उजव्या हाताला अजून केस नाहीत. दुसऱ्या हॉटेलात गेलो तिथं चेक मिळायचा, त्यावर सोशल सिक्युरिटीचा नंबर होता तो माझा नव्हता. कोणाचाच नव्हता म्हणे. ६.२ टक्के कापायचे, म्हातारपणाच्या पेन्शनचे. ते मला कधी मिळणार नाहीत हे मला माहीत होतं, शेठला माहीत होतं, सरकारला पण माहीत असणार. सहकारनगरकर साहेब, टॅक्स आम्ही पण भरायचो एवढंच सांगायचंय. सरकारच वेगळा टॅक्सचा नंबर देतं, आयटीआयएन, कागद असो नसो.

पहिल्या शेठने शेवटचे दोन महिन्यांचे दिले नाहीत. विचारलं तर फोन हातात घेऊन म्हणाला लावू का इमिग्रेशनवाल्यांना. मराठी नव्हता पण वाक्य मराठीत शिकला होता.

वडील, आमचे दादा, २०११ ला गेले. निघालो असतो तर दहा वर्षं परत येता आलं नसतं, आणि भावाचं कर्ज फिटायचं होतं. नाही आलो. दहाव्याला नदीवर भावाने फोन पिंडाजवळ धरला होता. तिकडं रात्र होती, मी हॉटेलच्या मागं कचऱ्याच्या डब्यांपाशी उभा. कावळा शिवेना. पाऊण तास. गुरुजी म्हणाले काही इच्छा राहिली असेल तर बोला. भाऊ म्हणाला तूच बोल. मी फोनवर मोठ्यानं म्हणालो दादा मी येतो, मी परत येतो. भावानं सांगितलं शिवला. खरंच शिवला की त्याला थंडी वाजत होती म्हणून सांगितलं ते मी अजून विचारलेलं नाही.

आलो २०१५ ला.

भाकरवडी_२
निःशब्द. माझा वरचा वनबीएचकेचा विनोद मागे घेतो.

निळी_शाई
तंदूरवाला, लिहिलंत ते बरं केलंत. त्या दोन महिन्यांबद्दल एक सांगायचं होतं, आता उपयोग नाही तरीही. केलेल्या कामाचं किमान वेतन तिथल्या कायद्याने बिनकागदाच्या माणसालाही मिळतं, शेठ खोटा होता. पण युनियन करायला गेलात म्हणून काढलं असतं तर मधल्या काळाचा पगार मिळाला नसता, २००२ च्या हॉफमन प्लास्टिक निकालात सुप्रीम कोर्टानेच तसं ठरवलंय. म्हणजे सदाशिवांचे चावेझ ज्याच्यासाठी भांडत होते नेमका तोच हक्क मोडला तरी भरपाई नाही.

आणि दहा वर्षांची बंदी कुठून आली तेही लिहून ठेवते. १९९६, क्लिंटन. १८० दिवसांपेक्षा जास्त बेकायदा राहून बाहेर पडलात तर तीन वर्षं बंदी, एक वर्षापेक्षा जास्त राहिलात तर दहा. लोकांनी निघून जावं म्हणून केलेला कायदा, आणि निघालात की शिक्षा सुरू.

आता सहकारनगरकरांसाठी. २०१३ चं गँग ऑफ एटचं बिल आठवतंय? ४ रिपब्लिकन, ४ डेमोक्रॅट सिनेटरांनी मिळून लिहिलेलं. २७ जूनला सिनेटमध्ये ६८ विरुद्ध ३२ ने पास झालं. त्यात ३१ डिसेंबर २०११ च्या आधी आलेल्यांना दंड, टॅक्स आणि गुन्ह्यांची तपासणी लावून तात्पुरतं स्टेटस, दहा वर्षांनी ग्रीनकार्ड, पुढे तीन वर्षांनी नागरिकत्व. मालकांना ई-व्हेरिफाय (कामगाराचे कागद सरकारकडून ऑनलाइन तपासून घेणं) सक्तीचं, सीमेवर जवळजवळ २० हजार जादा जवान, ७०० मैल कुंपण. आणि मजुरांसाठी नवा व्हिसा, म्हणजे तळजाईकरांची ती रांग.

आणि त्याच बिलात नोकरीवाल्या ग्रीनकार्डवरची ती ७ टक्क्यांची देशवार मर्यादा काढून टाकली होती, बायकामुलांना कोट्यात मोजायचं नाही असंही होतं. तुम्ही आणि तंदूरवाला एकाच बिलात होतात. हाऊसमध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात, स्पीकर बेनरनी ते मतदानाला घेतलंच नाही. माफी शब्दावरून.

सिएटलवासी_सहकारनगरकर
हो, ते मला माहितीये. २०१३ ला आम्ही ऑफिसात पिझ्झा मागवून सिनेटचं मतदान लाईव्ह बघितलं होतं. नंतर जे झालं त्याचा राग कोणावर काढायचा हे कळत नव्हतं. हाऊसवर काढून काही उपयोग नव्हता, मला मत नाही. मग आपोआप खाली गेला असावा, ज्यांच्यावर काढता येतो त्यांच्यावर.

तरी एक बोलतो. २०१९ ला फक्त देशवार मर्यादा काढायचं बिल हाऊसमध्ये ३६५ विरुद्ध ६५ ने पास झालं आणि पुढे सिनेटने केलेल्या बदलांवरून अडकलं. तेव्हा त्यात दुसऱ्या कोणाचं ओझं नव्हतं तरी झालं नाही. त्यामुळे एकत्र असतो तर सुटलो असतो, हेही मला पटत नाही. कुठल्याच गाडीत बसून झालेलं नाही.

तंदूरवाला, ओक ट्री रोडवर मी पण तीन वर्षं जेवलोय, २००९ ते २०१२. आतून कोण करतंय कधी बघितलं नाही. नान चांगले असायचे.

शिस्तप्रिय_सदाशिव
तंदूरवाला, तुमच्याबद्दल व्यक्तिशः काही म्हणणं नाही. वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण तुम्ही सहा महिन्यांच्या बोलीवर गेला होतात आणि बोली मोडलीत, हे तुम्हीही नाकारणार नाही.

तंदूरवाला
नाही नाकारत. मोडलीच.

निळी_शाई
अवांतर पण थोडं संबंधित. अमेरिकेच्या कायद्यात बोली मोडलेल्यांसाठी १९२९ पासून एक कलम आहे, रजिस्ट्री म्हणतात. अमुक तारखेच्या आधीपासून इथे राहताय आणि वागणूक नीट आहे तर अर्ज करा, कायदेशीर व्हा. तारीख मधूनमधून पुढे न्यायची अशी पद्धत होती. शेवटची १९८६ ला नेली, १ जानेवारी १९७२ वर. अजून तिथेच आहे. आज कोणी त्या कलमाखाली अर्ज केलाच तर तो पन्नाशी ओलांडलेलाच असणार. माफी हा शब्दही न वापरता फक्त ती तारीख हलवता येते.

सदाशिवांच्या "बोली"साठी हे लिहिलं. दिवाणी दावा आपल्याकडेही मुदतीत लावावा लागतो, नाहीतर गेला. मुदतीचा कायदा कोणी माफी म्हणत नाही.

शिस्तप्रिय_सदाशिव
उपमा चांगली आहे पण मुदतीच्या कायद्यात रोज नवीन उल्लंघन चालू असेल तर मुदत रोज नव्याने सुरू होते, कलम २२ बघा. बाकी उद्या, झोपतो.

निळी_शाई
कलम २२ मान्य. शुभरात्री.

तळजाईकर
तंदूरवाला, तुम्हाला "तुम्ही" म्हणू का "अरे" म्हणू कळत नाही, माझा मुलगा तुमच्याच वयाचा असेल. २०१५ ला आलात म्हणजे दहा वर्षं आता संपली ना? मग परत, निदान फिरायला?

तंदूरवाला
अरे म्हणा काका.

संपली मार्चमध्ये. तळघरातला एक जण आता तिकडं कायदेशीर आहे, लग्न झालं, बायको सिटिझन. तो विमानाने व्हिसावर आला होता म्हणून तिथल्या तिथंच कागद झाले, आमच्यातला जो बॉर्डरवरून चालत आला होता त्याचं लग्न पण सिटिझनशीच झालं तरी तो अडकला. त्याच्या पोराच्या वाढदिवसाला बोलावलं होतं म्हणून ऑगस्टला अर्ज टाकला. फॉर्मवर प्रश्न असतो की पूर्वी मुदतीपेक्षा जास्त राहिलात का. हो लिहिलं. मुंबईत बीकेसीला अमेरिकेच्या कॉन्सुलेटमध्ये खिडकीतल्या बाईंनी विचारलं किती. नऊ वर्षं म्हटलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, हाताकडं पण बघितलं, नकाराचा छापील कागद दिला. तीन मिनिटं. १८५ डॉलर फी गेली. वडापाव खाऊन शिवनेरी पकडली.

मन वाईट नाही झालं फार. धायरीला माझं स्वतःचं छोटं आहे आता, दोन तंदूर. अडचण माणसांची. इथली पोरं तंदूरवर उभी राहत नाहीत, डिलिव्हरीला जातात, त्यांचं पण बरोबर आहे, मी तरी कशाला उभा राहिलो असतो. एक ओडिशाचा आहे आणि एक नेपाळचा. नेपाळच्याला मी ठेवला तेव्हा घाबरत घाबरत एकाला विचारलं होतं की ह्याचा व्हिसा कसा काय बघायचा. तर काहीच लागत नाही, १९५० चा करार आहे, ते येऊन काम करू शकतात, आपण तिकडं. मला खरं वाटेना, मी दोनदा विचारलं.

तो दरवर्षी दसैंला (त्यांचा दसरा) गावी जातो, महिनाभर. यंदा पण गेला. जाताना मी त्याच्या बॅगेकडं बघत बसतो, बायको हसते मला. आला परवा. आईने छुर्पी दिलीय म्हणून एक पुडा आणलाय, चीजसारखं असतं, दगडासारखं कडक. कालपासून एकच तुकडा चघळतोय, अजून संपलेला नाही.